दवाखाना आणि पेढी : मुंबईतील दोन व्यवसायांचा तौलनिक विचार (१८४५–१८७५)

वैद्यकाचा व्यवसाय पत्करावा की पैशाच्या व्यवहारात शिरावे, हा प्रश्न पदवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तरुणापुढे आज वारंवार येतो, आणि तो अगदी अलीकडचा आहे असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या प्रश्नाला निश्चित जन्मस्थळ आणि बऱ्याच अंशी निश्चित जन्मकाळही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई शहरात तो प्रथम उभा राहिला. त्यापूर्वी तो कोणी विचारला नाही, याचे कारण त्या काळची माणसे निर्लोभी होती असे नव्हे; निवड करण्याजोगी परिस्थितीच अस्तित्वात नव्हती, हे त्याचे कारण होय. ही परिस्थिती कशी निर्माण झाली, तिच्यात सापडलेल्या पहिल्या पिढीने काय केले आणि तिच्या अनुभवातून या दोन व्यवसायांमधील खरा भेद कोणता ठरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

इंग्रजी शिक्षणापूर्वीच्या समाजात वैद्यकी आणि सराफी हे दोन्ही व्यवसाय घराण्यात चालत आलेले होते. वैद्याचा मुलगा वडिलांच्या हाताखाली नाडी पाहावयास, काढे उकळावयास आणि मात्रा उगाळावयास शिकत असे. पेढीवरचा मुलगा पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ करीत, रोजकीर्द आणि खतावणी लिहीत आणि व्याजाचे हिशेब तोंडी करीत मोठा होई. दोन्ही ठिकाणी विद्या होती. परंतु दोन्ही ठिकाणी ती नात्यातून आणि जातीतून वाहत होती. अशा व्यवस्थेत एकाने दुसऱ्याच्या व्यवसायाचा हेवा करणे शक्य होते, तो निवडणे मात्र सहसा शक्य नव्हते.

या व्यवसायांची शब्दसंपत्ती पाहिली तरी हेच दिसते. ‘वैद्य’ हा शब्द विद्येशी निगडित असून संस्कृतातून आलेला आहे. ‘सराफ’ आणि ‘दलाल’ हे शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत रुळले. ‘दवाखाना’ या शब्दात अरबी ‘दवा’ला फारसी ‘खाना’ जोडला गेला आहे. ‘डॉक्टर’, ‘फी’, ‘शेअर’ आणि ‘बँक’ हे शब्द मात्र एकाच भाषेतून आणि एकाच शतकात मराठीत स्थिरावले. जुन्या शब्दांनी दोन अलग जगे दर्शविली जात होती. नव्या शब्दांनी ती एकाच इंग्रजी शहरी व्यवस्थेची दोन दालने झाली. एका दालनातून दुसऱ्यात जाता येते ही कल्पना सुचण्यास हा बदल आवश्यक होता.

मराठी भाषकांचा पैशाच्या व्यवहाराशी संबंधच नव्हता, असे मात्र कोणी समजू नये. मुंबईचे जगन्नाथ शंकरशेट (१८०३–१८६५) हे दैवज्ञ कुळातील व्यापारी घराण्यात जन्मले, आणि शहराच्या सार्वजनिक जीवनात त्यांच्याएवढे वजन फार थोड्यांना लाभले. परंतु त्यांचे उदाहरणही वरील विधानालाच पुष्टी देते. पेढी आणि पत त्यांना वडिलांकडून मिळाली होती. परीक्षा देऊन ती मिळविण्याची सोय नव्हती.

२

वैद्यकाच्या बाबतीत ही सोय प्रथम झाली. मुंबईत १८२६ मध्ये डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी एक शाळा निघाली होती. परंतु १८३२ मध्ये ती बंद करण्यात आली. १८३८ मध्ये गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचे निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ जमलेल्या निधीला सरकारी साहाय्याची जोड मिळून ग्रँट मेडिकल कॉलेजची योजना आकारास आली. १८४५ मध्ये हे महाविद्यालय सुरू झाले. डॉ. चार्ल्स मोरहेड हे त्याचे पहिले प्रमुख होत. त्याच वर्षी शेजारचे जमशेटजी जीजीभाई रुग्णालयही उघडले.

या रुग्णालयाच्या स्थापनेतील एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्याच्या मुळाशी जमशेटजी जीजीभाई यांची एक लाख रुपयांची देणगी आणि कंपनी सरकारने तिला दिलेली तितक्याच रकमेची जोड होती. जमशेटजींची संपत्ती चीनशी होणाऱ्या कापूस आणि अफू यांच्या व्यापारातून उभी राहिली होती. म्हणजे, ज्या खाटांभोवती उभे राहून या इलाख्यातील पहिले पदवीधर डॉक्टर शिकले, त्या खाटा व्यापारी नफ्यातून आलेल्या होत्या. वैद्यक आणि वित्त यांना परस्परविरोधी मानणाऱ्याने हा आरंभ ध्यानात ठेवावयास हवा.

१८५१ मध्ये महाविद्यालयाची पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात अवघे आठ पदवीधर होते. भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग तर्खडकर, अनंत चंद्रोबा डुकले, जुझे कामिलु लिझबोआ ही त्यांपैकी काही नावे. नावांकडे नुसती दृष्टी टाकली तरी निरनिराळ्या जातींचे आणि धर्मांचे तरुण एका बाकावर बसल्याचे दिसते. ‘जी. जी. एम. सी.’, म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजचा पदवीधर, ही अक्षरे नावापुढे लावण्यास पूर्वजांची पेढी लागत नव्हती. शवविच्छेदनासारख्या गोष्टीविषयीचा संकोच जिंकावा लागे, इंग्रजी भाषा आत्मसात करावी लागे आणि परीक्षा उतरावी लागे. हे अडथळे लहान नव्हते. तथापि ते व्यक्तीच्या प्रयत्नाने ओलांडता येण्यासारखे होते. पेढीचा अडथळा मात्र जन्माचा होता.

पदवी मिळाल्यावर पुढे तीन वाटा होत्या: सरकारी नोकरी, खासगी व्यवसाय, आणि या दोहोंच्या आधाराने विद्याव्यासंग किंवा लोककार्य. लिझबोआ यांनी वनस्पतिशास्त्रात नाव मिळविले आणि मुंबई इलाख्यातील गवतांचा अभ्यास केला. आत्माराम पांडुरंग १८६७ मध्ये प्रार्थना समाजाच्या संस्थापकांत अग्रभागी होते. भाऊ दाजी यांनी खासगी व्यवसाय पत्करला. या तिन्ही वाटांना एक गोष्ट समान होती. मराठी भाषक सुशिक्षित माणसाला घराण्याच्या किंवा दरबाराच्या आश्रयावाचून पैसा मिळविता येऊ लागला, आणि तो गरजेपेक्षा अधिकही मिळू लागला. येथूनच पुढचा प्रश्न उद्भवला. हा उरलेला पैसा ठेवावयाचा कोठे?

३

या प्रश्नाचे उत्तर देण्यास काळ मोठा विलक्षण भेटला. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील संस्थानांच्या बंदरांची नाकेबंदी होताच लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची सारी भिस्त हिंदी कापसावर आली. कापसाचे भाव चढले, मुंबईत सोन्याचांदीचा ओघ सुरू झाला आणि त्या पैशाला गुंतवणुकीच्या वाटा अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा वाटा नसतील तर त्या निर्माण कराव्यात, असे शहराने ठरविले. मुंबईच्या गॅझेटियरमधील नोंदीप्रमाणे जानेवारी १८६५ मध्ये शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ६२ संयुक्त भांडवलाच्या कंपन्या होत्या; यांशिवाय विमा, जहाजे, कापसाचे दाबखाने आणि जमीन भरणी यांच्या कंपन्या वेगळ्याच.

या साऱ्यांत बॅकबेची जमीन भरून काढण्यासाठी निघालेली कंपनी सर्वांत गाजली. तिच्या पाच हजार रुपये भरलेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. भरावयाची जमीन अद्याप समुद्राखालीच होती. बँक ऑफ बॉम्बेला १८६३ च्या कायद्याने शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली होती. त्यामुळे एका कंपनीचे शेअर गहाण ठेवून दुसरीचे घेणे आणि ते गहाण ठेवून तिसरीचे घेणे, असे चक्र सुरू झाले. प्रत्येकाच्या वहीत संपत्ती दिसत होती. ती कोणत्या पायावर उभी आहे हे पाहण्याची मात्र कोणालाच गरज वाटेना.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली आणि कापसाचे भाव कोसळले. मुदतीच्या सौद्यांची पूर्तता १ जुलै १८६५ रोजी व्हावयाची होती. तो दिवस उजाडला तेव्हा घेणेकरी आणि देणेकरी हे दोघेही बहुधा एकाच अवस्थेत होते. त्याच वर्षी दिवाळखोरीसंबंधी खास कायदा करावा लागला. पुढे बँक ऑफ बॉम्बेचाही निभाव लागला नाही. १८६८ मध्ये तिचे कामकाज गुंडाळावे लागले आणि त्याच नावाची नवी बँक उभारण्यात आली. दिनशा वाच्छा यांनी ही सारी उलथापालथ तरुण वयात डोळ्यांनी पाहिली होती. पुढे १९१० मध्ये त्यांनी तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

४

या उलथापालथीत सापडलेल्यांमध्ये भाऊ दाजी होते. त्यांचा जन्म १८२२ मध्ये गोव्यातील मांद्रे येथे झाला. लहानपणीच ते मुंबईस आले. बुद्धिबळातील त्यांचे नैपुण्य पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्यांना इंग्रजी शिकविण्याची सूचना केली, असे सांगतात. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ते शिकले आणि तेथेच शिक्षक झाले. कच्छ-काठेवाडातील बालकन्याहत्येवरील त्यांच्या निबंधास पारितोषिक मिळाले. शिक्षकाची स्थिर नोकरी सोडून त्यांनी वयाच्या तेविसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी होण्याचे ठरविले, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. निवड अशी तिलाच म्हणावयाची.

पदवीनंतर त्यांचा व्यवसाय भरभराटीस आला. धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले. दोघांनी मिळून गोरगरिबांसाठी मोफत दवाखाना चालविला. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे भाऊ दाजी हे एक चिटणीस होते. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत त्यांनी कालिदासावर आणि प्राचीन शिलालेखांवर निबंध वाचले. व्हिक्टोरिया म्युझियमच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्याच संग्रहालयाला १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. असा हा पुरुष शेअरच्या सट्ट्यात उतरला आणि १८६५ च्या पडझडीत त्याची मोठी आर्थिक हानी झाली.

या घटनेचा अर्थ लावताना दोन सोप्या वाटा मोहात पाडतात. थोर पुरुषाच्या चरित्रात ही गोष्ट शोभत नाही म्हणून ती एका वाक्यात उरकावयाची, ही पहिली. लोभाने विद्वानाचीही मती फिरते असा बोध काढावयाचा, ही दुसरी. दोन्ही वाटांनी इतिहास हाती लागत नाही. भाऊ दाजी यांच्या खर्चाच्या बाजू पाहिल्या तर त्यांत मोफत औषधोपचार, जुनी नाणी, हस्तलिखिते, ताम्रपटांचे ठसे आणि प्रवास दिसतात. डॉक्टरची फी ही डॉक्टरने स्वतः राबण्यावर अवलंबून असते. रोग्यापाशी घालविलेला तास शिलालेखापाशी घालविता येत नाही. व्यासंगासाठी वेळ हवा, आणि वेळासाठी राबण्यावाचून येणारे उत्पन्न हवे. अशा माणसाला भांडवलाच्या उत्पन्नाचे आकर्षण वाटणे हे लोभापेक्षा या व्यवसायाच्या घडणीवरून अधिक समाधानकारक रीतीने उलगडते.

मात्र आकर्षण समजण्याजोगे असले, तरी पात्रता हा निराळा प्रश्न आहे. बाजारातील वार्ता नात्यागोत्यातून फिरते. कोणाची हुंडी परत आली, कोणाच्या पेढीवर रात्री उशिरापर्यंत दिवे जळत आहेत, हे पेढीवर बसणाऱ्याला जसे कळते तसे रोग्याच्या उशाशी बसणाऱ्याला कळणे कठीण. ग्रँट कॉलेजच्या पदवीने वैद्यकाचे दार परीक्षेने उघडले; वित्ताचे दार तसे उघडलेच नव्हते. शेअर विकत घेता येत होता, एवढ्यावरून तो व्यवसाय खुला झाला असा भास मात्र झाला. पहिल्या सुशिक्षित पिढीची खरी चूक येथे दिसते. वित्त हाही शिकण्याचा विषय आहे, त्यालाही शागिर्दी लागते, हे तिने मानले नाही. शरीरशास्त्र न शिकता शस्त्रक्रिया करणाऱ्याला भाऊ दाजी यांनी कधीही क्षमा केली नसती.

५

पडझडीनंतरची वर्षे या तुलनेला अधिक उपयुक्त आहेत. शेअर गेले, परंतु भाऊ दाजी यांचे वैद्यक गेले नाही. घेणेकऱ्याला घर घेता येते, ग्रंथही घेता येतात. नाडी पाहणाऱ्या बोटांचे ज्ञान जप्त करता येत नाही. १८६९ आणि १८७१ या वर्षी ते मुंबईचे शेरीफ झाले, यावरून त्यांची प्रतिष्ठाही टिकून होती असे म्हणावयास हरकत नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी कुष्ठरोगावरील औषधाचे प्रयोग केले. कवटीच्या बियांच्या तेलाचा त्यांनी या रोगावर उपयोग केला, आणि याच वर्गातील तेले विसाव्या शतकात सल्फोन औषधे येईपर्यंत कुष्ठरोगाच्या उपचारांत प्रमुख राहिली. १८७४ मध्ये भाऊ दाजी निवर्तले.

तेव्हा विद्या टिकते आणि पैसा जातो, असा निष्कर्ष काढून थांबता आले असते. परंतु दुसऱ्या बाजूचा पुरावा पाहिल्याशिवाय तसे करणे न्याय्य होणार नाही. प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) हे त्या सट्ट्याचे नायक. त्यांच्या शब्दावर कंपन्या निघत आणि कर्जे मंजूर होत. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि लगोलग आईच्या नावाने मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. पडझडीत त्यांचे साम्राज्यही कोसळले. तरीही ते पुढे पुष्कळ वर्षे मुंबईच्या बाजारात वावरले. राजाबाई मनोरा आणि ग्रंथालय १८७८ मध्ये पुरे झाले. ज्या वाचनालयात बसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी ज्ञान संपादन केले, ते सट्ट्याच्या दिवसांतील पैशावर उभे आहे. जमशेटजींच्या रुग्णालयात जे दिसले तेच येथे पुन्हा दिसते.

प्रेमचंद यांना पुन्हा बाजारात उभे राहता आले ते कशाच्या बळावर? शेअर तर त्यांचेही गेले होते. येथे मराठीतील ‘पत’ या शब्दाकडे वळावे लागते. हा शब्द कर्ज मिळण्याची योग्यताही दर्शवितो आणि लोकांतील मान्यताही. बाजाराची जाण आणि दिलेल्या शब्दाचा लौकिक या दोन गोष्टी दलालाच्या अंगी असतात. त्या वहीत लिहिल्या जात नाहीत आणि म्हणूनच लिलावात निघत नाहीत. या अर्थी उत्तम सराफाचे भांडवलही उत्तम वैद्याच्या भांडवलाप्रमाणेच त्याच्या ठायी असते. १८६५ मध्ये जे कायमचे बुडाले ते या दोहोंपैकी कोणीही नव्हते. दुसऱ्याच्या जाणतेपणावर विसंबून पैसा लावणारे बुडाले.

याच्या उलट बाजूही नोंदविली पाहिजे. आपले कुष्ठरोगावरील औषध भाऊ दाजी यांनी काही काळ गुप्त ठेवले होते, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. पुरेशा प्रयोगांपूर्वी ते जाहीर करणे त्यांना प्रशस्त वाटले नाही, असे त्यांच्या बाजूने म्हणता येते. तथापि गुप्त ठेवलेले औषध आणि गुप्त ठेवलेली बाजारवार्ता यांच्यात साम्य नाही असे कोण म्हणेल? वैद्यकालाही मक्तेदारीचा मोह होतो. आणि ज्या बाजाराची एवढी नालस्ती झाली त्याच बाजारातील दलालांनी १८७५ मध्ये आपला संघ स्थापून व्यवहाराला नियमांची चौकट घालण्याचा उद्योग आरंभिला. मुंबईचा आजचा शेअरबाजार ही त्याच संघाची परिणती होय. पुढे परीक्षा, परवाना आणि व्यावसायिक नियम या बाबतींत दोन्ही व्यवसाय एकमेकांच्या जवळ येत गेले.

६

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. वैद्यक म्हणजे सेवा आणि वित्त म्हणजे लोभ, ही विभागणी मुंबईच्या इतिहासाला मान्य नाही. रुग्णालय आणि ग्रंथालय व्यापाऱ्याच्या पैशावर उभे राहिले आणि डॉक्टर सट्ट्यात उतरले. उत्पन्नाच्या आकड्यावरून तुलना करणेही व्यर्थ आहे. १८६४ च्या अखेरीस ती केली असती तर वैद्यक शिकणारा मूर्ख ठरला असता आणि १८६५ च्या अखेरीस शहाणा. खरा भेद आढळतो तो दोन ठिकाणी. डॉक्टरचे उत्पन्न त्याच्या देहाशी आणि वेळेशी जखडलेले असते. ते सहसा एकदम बुडत नाही, पण तो थांबला की तेही थांबते. पैशाच्या व्यवहारातील उत्पन्न देहापासून सुटे होऊ शकते. म्हणून ते वाढतेही अमर्याद आणि बुडतेही एका दिवसात. दुसरा भेद चुकीच्या परिणामांचा आहे. डॉक्टरची चूक एका रोग्याला भोवते आणि ती डोळ्यांसमोर घडते. बँकेच्या संचालकाची चूक त्याने कधी न पाहिलेल्या हजारो कुटुंबांना भोवते. बँक ऑफ बॉम्बेच्या ठेवीदार आणि भागधारकांपैकी कितीजणांनी बॅकबेची कंपनी कशी चालते हे पाहिले होते? जबाबदारी यामुळे कमी होत नाही. ती केवळ दृष्टीआड होते, आणि दृष्टीआड असलेली जबाबदारी ओळखण्यास अधिक कठोर शिक्षण लागते.

१८४५ पूर्वी निवड नव्हती. त्यानंतरच्या पहिल्या पिढीला निवड मिळाली, पण एका व्यवसायाचे शिक्षण दुसऱ्यात चालेल अशी तिची समजूत झाली आणि तिची किंमत तिने मोजली. आज दोन्ही व्यवसायांचे शिक्षण परीक्षेच्या मार्गाने उपलब्ध आहे. ही सोय त्या पिढीला नव्हती. ‘जोखीम’ हा शब्द ‘योगक्षेम’ या संस्कृत शब्दापासून आला असावा, असे व्युत्पत्तिकार सुचवितात. नवे मिळविणे आणि मिळालेले राखणे असा मूळ शब्दाचा अर्थ. त्यातून धोक्याचा अर्थ निघाला. भाऊ दाजी यांना योग साधला होता, क्षेमाची विद्या मात्र त्यांनी दुसऱ्यांवर सोपविली. व्यवसाय निवडणाऱ्याने त्यांच्या चरित्रातील हा एवढा भाग तरी निर्विकार मनाने वाचावा.